काय दाखवलं तर पटेल?

२०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये एक नवा गेम कन्सोल मांडला होता. नाव कोलेको कॅमेलियन. डाउनलोड नको, अपडेट नको, पूर्वीसारखं गेमचं कार्ट्रिज खोचायचं आणि खेळायला बसायचं, एवढीच त्याची कल्पना होती आणि ती मनापासून आवडलेले लोक जगभर होते. त्याचं कवचही ओळखीचं होतं. अटारीच्या १९९३ च्या जॅग्वार कन्सोलचे साचे मधल्या काळात दातांच्या डॉक्टरांचे कॅमेरे बनवणाऱ्या एका कंपनीकडे गेले होते. ते विकत घेऊन नवा कन्सोल त्याच साच्यांतून काढायचा बेत होता. स्टॉलवर यंत्र टीव्हीला जोडलेलं होतं आणि पडद्यावर गेम चालू होते.

मग मागच्या बाजूचे फोटो बाहेर आले. तिथे काळी चिकटपट्टी लावली होती. जेवढा भाग उघडा राहिला होता, त्यातले पोर्ट निन्टेन्डोच्या सुपर एनईएस या जुन्या कन्सोलच्या छोट्या, उशिरा निघालेल्या आवृत्तीच्या पोर्टशी जागच्या जागी जुळत होते. जॅग्वारच्या कवचात सुपर एनईएसचा सर्किट बोर्ड बसवलाय, असं जाणकारांनी म्हटलं. त्यावर उत्तर म्हणून पारदर्शक कवचातल्या दुसऱ्या नमुन्याचे फोटो प्रसिद्ध झाले. हे उत्तर मूळ आरोपापेक्षा महागात पडलं. आतला बोर्ड लोकांनी काही तासांत ओळखला. ते हायकॅप५०बी नावाचं जुनं पीसीआय कॅप्चर कार्ड होतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्र संगणकात घेण्यासाठी ते वापरलं जायचं. कोलेको या नावाचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिने प्रत्यक्ष नमुना तपासायला मागितला आणि मार्चमध्ये आपलं नाव काढून घेतलं. प्रकल्प तिथेच संपला.

हे प्रकरण संशयाचा विजय म्हणून सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्याच्या सातेक महिने आधी घडलेली गोष्ट शेजारी ठेवल्याशिवाय त्यातून काही शिकता येत नाही.

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेतून काही फोटो आणि एक छोटा व्हिडिओ आला. करड्या रंगाचं, पिवळं पडलेलं यंत्र. एकाच खोक्यात सुपर फॅमिकॉमच्या (सुपर एनईएसचं जपानी नाव) कार्ट्रिजची खाच आणि सीडी ड्राइव्ह. कंट्रोलर निन्टेन्डोच्या घडणीचा, पण त्यावर नाव ‘सोनी प्लेस्टेशन’. निन्टेन्डो आणि सोनी मिळून सीडीवाला कन्सोल बनवत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुपर एनईएसची ध्वनीची चिप सोनीच्या केन कुतारागींनी घडवलेली. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या सीईएस प्रदर्शनात सोनीने हा कन्सोल जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. करार मोडला, सोनीने स्वतःचं यंत्र काढलं आणि ते डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीला आलं. मधल्या त्या अर्धवट यंत्राचा चालू नमुना मात्र जगापुढे कुणी आणलेला नव्हता. त्यामुळे हे फोटो आल्याआल्या अनेकांनी ते बनावट ठरवले. कवच तासून बनवलंय, लोगो छापून घेतलाय, आत साधा सुपर फॅमिकॉम असेल, असं बरंच बोललं गेलं.

यंत्र खरं निघालं.

म्हणजे तेच लोक, तोच संशय, जवळजवळ तेच आक्षेप: कवचात दुसरंच काहीतरी आहे. एकदा आक्षेप खरा ठरला, एकदा खोटा. दोन्ही वेळा निकाल लावला तो झाकण उघडल्यावर आत काय दिसलं याने. संशय किती तीव्र होता याचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणून जुन्या यंत्राच्या खरेपणावर शंका घेणाऱ्याने सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, असं मी आग्रहाने म्हणेन: काय दाखवलं तर मला पटेल? या प्रश्नाला ठरलेलं, तपासता येणारं उत्तर देता येत नसेल, तर ती शंका घेऊन आपण काहीही शोधत नाही आहोत. समोरच्याने दहा फोटो दिले तरी अकरावा मागत राहू. आणि ज्याच्या घरात खरोखर दुर्मीळ वस्तू आहे, तो माणूस कंटाळून ती परत माळ्यावर टाकेल. हे नुकसान मला बनावट वस्तू विकली जाण्यापेक्षा मोठं वाटतं. फसलेल्याचे पैसे जातात, पण इथे इतिहासाचा एकुलता एक पुरावाच जातो.

आता तपासायचं काय आणि कसं.

पहिली गोष्ट म्हणजे समोर आलेली वस्तू नेमकी काय असल्याचा दावा आहे, हे ठरवून घ्या. ‘प्रोटोटाइप’ हा एकच शब्द चार वेगळ्या वस्तूंना लावला जातो. प्रदर्शनात मांडायचा मॉकअप आतून रिकामा असतो आणि तो खोटा नसतो. सेगाने जाहीर करून रद्द केलेल्या नेपच्यून या कन्सोलचा जो नमुना ओळखीचा आहे, तो असाच पोकळ आहे. अभियंत्यांचा बोर्ड याच्या उलट: कवच नाही, पण तारा, सॉकेट आणि दुरुस्त्यांनी भरलेला. तिसरा प्रकार गेम बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेल्या डेव्हलपमेंट किटचा. चौथा, उत्पादनाच्या तोंडावर काढलेली पहिली थोडी यंत्रं, जी विकाऊ मालासारखीच दिसतात. मॉकअपच्या आत चिप नाहीत म्हणून तो बनावट ठरत नाही आणि अभियंत्यांच्या बोर्डला सुबक कवच असेल तर तिथे थांबून विचार करावा लागतो.

कवचापासून सुरुवात करू, कारण फोटोत तेच दिसतं. इंजेक्शन मोल्डिंगने काढलेल्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला साच्यातून भाग ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात. प्लास्टिक जिथून आत शिरलं तिथे तोडल्याची खूण असते, दोन साच्यांच्या सांध्याची बारीक रेघ असते आणि जाड फासळीच्या पाठीमागे पृष्ठभाग किंचित खोल गेलेला असतो. काही साच्यांत महिना-वर्ष दाखवणारी छोटी गोल तबकडीही असते. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये यातलं बरंचसं नसतं. कडा जराशा गोलसर येतात आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. थ्रीडी प्रिंटला थर असतात, ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे. घासून रंग दिला तरी स्क्रूच्या खोबणीत आणि आतल्या कोपऱ्यांत ते सापडतातच, कारण तिथे पॉलिशपेपर पोचत नाही.

पण इथे एक फसगत आहे. साचा बनवणं हे सगळ्यात खर्चिक काम. म्हणून १९९० च्या आसपासचे खरे सुरुवातीचे नमुने बरेचदा तासलेल्या, चिकटवलेल्या प्लास्टिकचे किंवा ओतीव रेझिनचेच असत. पिनांचे ठसे नाहीत म्हणजे खोटं, असं म्हणता येत नाही. दावा ‘उत्पादनपूर्व’ यंत्राचा असेल आणि ठसे नसतील, तेव्हा ते खटकलं पाहिजे. दावा पहिल्या कच्च्या नमुन्याचा असेल आणि कवच मात्र कारखान्यातून आल्यासारखं असेल, तेव्हाही.

पिवळेपणाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, तेवढा तो विश्वासाचा नाही. एबीएस प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनची संयुगं घालत. प्रकाश, उष्णता आणि हवेने ते पिवळं पडतं. मात्र प्रत्येक खेपेचं प्लास्टिक सारखं पिवळं होत नाही. जुन्या सुपर एनईएसचं वरचं झाकण पिवळं आणि खालचं पहिल्यासारखं करडं, हे नेहमीचं दृश्य आहे. त्यामुळे दोन भागांचे रंग जुळत नाहीत म्हणून दोन यंत्रं जोडली असतील, हा निष्कर्ष कच्चा. उपयोगाचं आहे ते सावलीचं चित्र. स्टिकरखाली, कार्ट्रिजच्या झडपेमागे, स्क्रूच्या डोक्याखाली रंग फिका राहिलाय का? सगळीकडे एकसारखा, खोबणीत जास्त साचलेला पिवळा रंग असेल, तर तो वरून लावलेला असण्याची शक्यता वाढते.

स्टिकर आणि लोगो यांवर वेळ घालवू नका. छापणं सगळ्यात सोपं.

खरा पुरावा बोर्डवर असतो. उघडायला निन्टेन्डोच्या यंत्रांना खास स्क्रूड्रायव्हर लागतो: कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा, कन्सोलला ४.५ मिलिमीटरचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारल्यास मिळू शकतो, नाहीतर ऑनलाइन मागवावा. पेन वितळवून स्क्रूवर दाबायची युक्ती सर्रास सांगितली जाते. एकुलत्या एका नमुन्यावर ती करू नये. स्क्रूच्या डोक्यावर आधीच ओरखडे आहेत का, हे उघडण्यापूर्वी फोटोत टिपून ठेवा. तीही माहिती आहे.

बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, शेजारी पट्टी ठेवून. एक सरळ प्रकाशात, एक तिरप्या प्रकाशात, म्हणजे चिपवरची पुसट अक्षरं उठून दिसतात. मग प्रत्येक चिपवरचा तारखेचा आकडा उतरवायचा. साधारण रीत चार अंकांची: आधीचे दोन वर्षाचे, नंतरचे दोन आठवड्याचे. ‘९१२४’ म्हणजे १९९१ चा चोविसावा आठवडा. काही उत्पादक वर्षाचा एकच अंक देतात, काही अक्षरं वापरतात. नवख्याची इथे चूक होते ती चिपच्या नावातले आकडे तारीख समजण्याची. ‘७४३२’ हे लॉजिक चिपच्या नावातले आकडे असू शकतात, १९७४ शी त्यांचा संबंध नाही. ‘२७६४’ हे इप्रॉमचं, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या एका प्रकारच्या चिपचं, नाव. तारीख बहुधा वेगळ्या ओळीत, उत्पादकाच्या खुणेजवळ असते. तिथे आठवड्याचे अंक ५३ च्या पुढे गेले, तर तुम्ही भलतंच काहीतरी वाचताय.

यादी झाली की सगळ्यात नवीन तारीख शोधा. बोर्ड आज आहे त्या रूपात त्या आठवड्याच्या आधी जुळवलेला असू शकत नाही. एवढं एकच विधान या यादीतून निःशंकपणे निघतं, पण ते फार ताकदीचं आहे. १९९१ च्या जूनमध्ये प्रदर्शनात ठेवल्याचा दावा असलेल्या बोर्डवर १९९३ ची प्रोसेसर चिप असेल आणि ती मागून बदललेली नसेल, तर दावा पडला. बोर्ड खोटा आहे असं मात्र नव्हे. तो नंतरचा खरा नमुना असू शकतो, सांगणाऱ्याची आठवण चुकलेली असू शकते. जुन्या तारखा उलट काहीच सिद्ध करत नाहीत, कारण जुनी चिप आजही विकत मिळते. आणि एकच चिप इतरांपेक्षा नवी असेल तर तिचं सोल्डर पाहा. आसपास फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावायच्या रसायनाचा, चिकट डाग, हाताने दिलेले गोळे, उचललेलं तांबं दिसलं, तर ती दुरुस्ती आहे. यंत्र वापरलं गेलं, बिघडलं, कुणीतरी सांभाळलं, हे उलट वस्तूच्या बाजूने बोलणं झालं.

सोल्डरबद्दल एक समज पसरलेला आहे: जुनं शिशाचं सोल्डर चकचकीत, नवं बिनशिशाचं मळकट. युरोपात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशावर बंधनं आली आणि जगभरचे कारखाने बदलले, हे खरं. बिनशिशाचं सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं, ६३-३७ चं शिशाचं १८३ ला. कारखान्यात जुळवलेल्या सबंध बोर्डवर बिनशिशाचं सोल्डर असेल आणि दावा १९९० चा असेल, तर प्रकरण जवळपास मिटलं. उलट दिशेने हा पुरावा चालत नाही. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत ६०-४० चं शिशाचं रीळ आजही टेबलावर असतं. बनाव करणाऱ्यालाही ते सहज मिळतं.

बोर्डची आखणी मात्र लपवायला अवघड. रेषांची जाडी, छिद्रांचा आकार, अक्षरांची घडण यांत काळ दिसतो. जुन्या आखणी-प्रणालींत अक्षरं एकेका रेघेने काढलेली असत. आजच्या संगणकातला फॉन्ट बोर्डवर छापलेला दिसला की सावध व्हायचं. स्वस्तात बोर्ड बनवून देणारे आजचे कारखाने कोपऱ्यात ऑर्डरचा क्रमांक छापतात. तो खरवडून काढल्याची जागाही भिंगाखाली दिसते. खऱ्या नमुन्यावर बारीक, रंगीत, हाताने ओढलेल्या दुरुस्तीच्या तारा असणं स्वाभाविक आहे. पण तार कुठून कुठे जाते ते मल्टिमीटरने तपासा. खरी तार एखादा तुटलेला किंवा चुकलेला मार्ग दुरुस्त करते. दिखाऊ तार आधीच जोडलेल्या दोन बिंदूंनाच जोडते, किंवा कुठेच पोचत नाही.

कॅमेलियनच्या पारदर्शक कवचाच्या फोटोंपुढे लोकांनी नेमकं हेच केलं असणार: या यंत्रात काय काय असायला हवं ते मनाशी धरलं आणि फोटोत शोधलं. कार्ट्रिजचा सॉकेट बोर्डला कुठे सोल्डर केलाय? वीज कुठून आत येते, व्होल्टेज कुठे उतरवलं जातं? मेमरी कुठली, चित्र बाहेर पाठवणारी चिप कुठली? कवचातली भोकं आणि बोर्डवरचे सॉकेट एका रेषेत येतात का? बोर्ड कवचाच्या खुंट्यांवर स्क्रूने बसलाय की नुसता आत ठेवलाय? यातल्या एकाही प्रश्नाला महागडं उपकरण लागत नाही. फोटो येण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून ठेवले, तर फोटोने भुलायला होत नाही.

आता इप्रॉम. जुन्या नमुन्यांतला प्रोग्राम बहुधा यातच असतो: सिरॅमिकची चिप, मधोमध काचेची छोटी खिडकी, तिच्यावर हाताने लिहिलेलं लेबल. ते लेबल उचकटायचा मोह होतो. अजिबात उचकटू नका. अतिनील दिव्याखाली ही चिप १५-२० मिनिटांत कोरी होते, थेट उन्हात आठवड्याभरात, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखालीही सुमारे तीन वर्षांत. एकदा पुसलं की जगातली एकमेव प्रत गेली. तशीही या चिपमधली माहिती कायमची नसते. दहा-वीस वर्षांची हमी धरून बनवलेल्या चिप आज पस्तिशी गाठताहेत. म्हणून खरं-खोटं ठरवण्याआधीच आतली माहिती वाचून घेणं गरजेचं आहे. वाद नंतरही घालता येतो.

वाचण्यासाठी काही हजार रुपयांत मिळणारा यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण, पुरतो. चिप सॉकेटमध्ये असेल तरच काढा, दोन्ही टोकांकडून आळीपाळीने थोडंथोडं उचलत. बोर्डला सोल्डर केलेली असेल तर जाणकाराकडे द्या. सॉफ्टवेअरमध्ये चिपचं नाव नेमकं निवडा आणि ‘चिप आयडी तपासा’ हा पर्याय आधी बंद करा. तो चालू असला तर प्रोग्रामर ए९ या पायावर सुमारे १२ व्होल्ट देतो. समोरची चिप प्रत्यक्षात मास्क रॉम (कारखान्यातच माहिती कायमची कोरलेली चिप) असली, किंवा तिच्या पायांची मांडणी वेगळी असली, तर ते तिला सोसवेलच असं नाही. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमधले रॉम असेच वेगळ्या मांडणीचे असतात. चिप उलटी बसवली तर ती जळते. खाचेची बाजू दोनदा पाहा. मग किमान तीनदा वाचा आणि तिन्ही फायलींचे हॅश, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून काढलेले ओळख-क्रमांक, जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर पाय साफ करून पुन्हा वाचा. तरीही ठरावीक जागीच फरक येत असेल, तर चिप विसरायला लागली आहे.

फाइल हातात आली की तपासणीला खरी धार येते. सुपर एनईएसच्या बऱ्याच रॉममध्ये हेक्स ७एफसी० या जागेपासून २१ अक्षरांत खेळाचं नाव असतं. थोडं पुढे, ७एफडीसी पासून, चेकसम, म्हणजे माहिती बिघडली नाही ना हे पाहण्याची बेरीज, आणि त्याची उलट संख्या. दोन्हींची बेरीज एफएफएफएफ यायला हवी. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या रॉममध्ये १०० पासून सेगाचं नाव आणि पाठोपाठ कंपनी, वर्ष, महिना. घडणीच्या मधल्या टप्प्यातल्या नमुन्यात चेकसम पुष्कळदा चुकीचा किंवा कोराच असतो, कारण तो शेवटी भरायचा असतो. म्हणून ‘प्रोटोटाइप’ म्हणून आलेल्या कार्ट्रिजमधली फाइल बाजारात आलेल्या खेळाशी अक्षरशः जुळली, तर आनंदाने उडी मारू नका. कुणीतरी इंटरनेटवरची फाइल रिकाम्या इप्रॉमवर उतरवून, जुनं लेबल डकवून विकलं असण्याची ती सगळ्यात साधी रीत आहे. जुने इप्रॉम, जुने बोर्ड, जुनी लेबलं सगळं मिळतं. कुठेच नसलेली, तरीही त्या यंत्रावर नीट चालणारी, अर्धवट चित्रं आणि टाकून दिलेले भाग असलेली फाइल बनवणं फार कष्टाचं काम आहे. एखादी चिप खरी मानायला मला कशाने भाग पाडलं असेल, तर अशा मजकुराने.

यंत्र चालू करून दाखवण्याला लोक सर्वाधिक महत्त्व देतात. मी कमी देतो, कारण टॉय फेअरमधलं यंत्रही चालूच होतं. चालू करण्याआधी व्होल्टेज रेग्युलेटरच्या दोन्ही बाजू ग्राउंडशी (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या रेषेशी) शॉर्ट नाहीत ना, हे मल्टिमीटरने बघायला हवं. अडॅप्टर तर डोळे मिटून जोडूच नका: सुपर फॅमिकॉमचा १० व्होल्ट डीसी आणि मधला भाग ऋण, तर अमेरिकन एनईएसचा ९ व्होल्ट एसी. शक्य असेल तर प्रवाहावर मर्यादा घालता येणाऱ्या बेंच सप्लायवर पहिल्यांदा चालवा. १९९० च्या आसपासचे छोटे सरफेस-माउंट कपॅसिटर गळतात आणि खालचं तांबं खातात. मासळीसारखा वास आला तर आधी ते बदला.

आत लपवलेला छोटा संगणक आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, पकडायचा असेल, तर सुरुवातीचे सेकंद पाहा. जुना कन्सोल बटण दाबताच चित्र देतो, छोट्या संगणकाला जागं व्हायला काही सेकंद लागतात. त्याहून चांगली कसोटी वेळेची. अमेरिकन-जपानी सुपर एनईएसचं घड्याळ २१.४७७ मेगाहर्ट्झ, टीव्हीच्या रंगवाहक लहरीच्या बरोबर सहापट, आणि त्यातून चित्रांचा वेग येतो सेकंदाला ६०.०९८८. नेमक्या ६० च्या वेगाने चालणाऱ्या एम्युलेटरपेक्षा खरं यंत्र दहा मिनिटांत सुमारे ५९ चित्रं जास्त दाखवतं, म्हणजे जवळजवळ एका सेकंदाचा फरक. ऑसिलोस्कोप असेल तर तो लगेच दिसतो. मात्र एफपीजीए चिपवर, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपवर, उभारलेलं आजचं यंत्र हीच वेळ हुबेहूब पाळू शकतं. वेळ जुळली नाही तर दावा संशयास्पद. जुळली, तर पुढची तपासणी सुरू.

राहतो वस्तूचा प्रवास. निन्टेन्डो प्लेस्टेशनच्या बाबतीत सगळ्यात अविश्वसनीय वाटलेला भाग हाच होता आणि तोच तपासायला सगळ्यात सोपा निघाला. यंत्र आलं होतं अ‍ॅडव्हान्टा या पेनसिल्व्हेनियातल्या वित्त कंपनीतून. ती २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिथल्या सामानाच्या लिलावात देखभालीचं काम केलेल्या एका कर्मचाऱ्याने काही खोकी घेतली. क्रेडिट कार्डं देणाऱ्या कंपनीत गेम कन्सोल कुठून येणार? तर ओलाफ ओलाफसन. सोनीच्या अमेरिकेतल्या गेम व्यवसायाचे पहिले प्रमुख, मूळचे आइसलँडचे कादंबरीकार. सोनी सोडल्यावर ते याच अ‍ॅडव्हान्टात वरिष्ठ पदावर होते. नोकऱ्यांची नोंद सार्वजनिक, दिवाळखोरी सार्वजनिक. फोटो खरे की खोटे यावर भांडण चालू असताना हा दुवा कुणालाही घरबसल्या पडताळता येत होता. बनावट कथेत अशी आडवळणाची, निरर्थक वाटणारी, पण तपासता येणारी माहिती क्वचित असते. तिथे बहुधा ‘एका माजी कर्मचाऱ्याकडून मिळालं, नाव सांगता येत नाही’ एवढंच असतं.

आणि मालकाने यंत्र दुसऱ्यांच्या हाती दिलं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ते हाँगकाँगला नेऊन चालवून पाहिलं गेलं. कार्ट्रिज चालली, सीडी ड्राइव्ह चालला नाही. हे अपयश लपवलं गेलं नाही. पुढच्या वर्षी जुने कन्सोल उघडून त्यांत बदल करण्यासाठी ओळखले जाणारे बेन हेकेन्डॉर्न यांनी कॅमेऱ्यासमोर ते पूर्ण सुटं केलं, बोर्ड आणि चिप सगळ्यांना दिसल्या. २०१७ मध्ये त्यांनी सीडी ड्राइव्हही चालता केला. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम, वाचून झाला होता, त्यामुळे हौशी प्रोग्रामरांनी त्या यंत्रासाठी लिहिलेले खेळ सीडीवरून चालवून पाहता आले. मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ते ३,६०,००० डॉलरला गेलं. एवढी किंमत येण्याआधी कितीतरी अनोळखी माणसांना आत डोकावू दिलं होतं. कॅमेलियनच्या बाजूने मात्र दर प्रश्नाला पुढची तारीख आणि नवा फोटो मिळत गेला. मागितलेली एक गोष्ट, उघडलेलं यंत्र तिसऱ्याच्या हातात, शेवटपर्यंत मिळाली नाही.

आपल्याकडे अशी वस्तू समोर आली, तर एक अडचण जास्तीची आहे. नव्वदच्या दशकात इथल्या बहुतेक घरांत मूळ यंत्र पोचलंच नाही, फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या, नकला पोचल्या. शेजारी ठेवून ताडायला अस्सल नग सहज मिळत नाही. जुन्या बाजारात एखादं अनोळखी खोकं दिसलं आणि आत काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली एकच चिप असली, तर ती नंतरची स्वस्त नक्कल आहे, प्रोटोटाइप नव्हे. तशा थेंबाखाली चिप बसवणं हे लाखोंनी माल काढण्याचं तंत्र आहे. सुट्या सॉकेटमधल्या चिप, हाताने लिहिलेली लेबलं, बोर्डवर आवृत्तीचा क्रमांक असं काही दिसलं, तर वीज लावू नका. आहे तसे फोटो काढा, वजन करा, विकणाऱ्याला ते कुठून आलं ते विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा.

निष्कर्ष लिहिताना तर फार काटेकोर राहायला हवं. ‘खरं आहे’ आणि ‘खोटं आहे’ या दोन शब्दांत मावेल एवढं आपल्याला सहसा माहीत नसतं. ‘बोर्ड १९९२ च्या अकराव्या आठवड्यानंतर जुळवलेला; दोन चिप नंतर बदललेल्या; इप्रॉममधली माहिती तीन वेळा वाचून सारखी आली, कुठल्याही माहीत असलेल्या रॉमशी जुळत नाही; कवच ओतीव रेझिनचं, बोर्डच्या खुंट्यांशी जुळतं; प्रवासाची कागदपत्रं नाहीत’ असं लिहिलं की पुढचा माणूस नेमकं कुठलं विधान खोडायचं ते शोधू शकतो. निन्टेन्डो प्लेस्टेशनच्या नोंदीतही अशी एक रिकामी ओळ आहे: त्या सीडी ड्राइव्हसाठी त्या काळात बनवलेल्या खेळाची डिस्क अजून समोर आलेली नाही. उद्या कुणी ती घेऊन आलं, तर तिच्यावरही हीच तपासणी करावी लागेल आणि ती आणणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं लागेल की आम्हाला काय काय बघायचं आहे.